ऊब आणि कढ

हातात पितळी लोटा आणि लोट्यात हिरवंगार शेवाळ, अशा थाटात वामनराव सकाळी कुसगावच्या तळ्यावरून परतायचे. वाटेत कुणी शेतकरी हटकायचा, "मास्तर, ह्ये खाता व्हय?" ते गंभीरपणे म्हणायचे, "ताईला विचारून सांगतो."

लोणावळ्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी गणित. घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, ताई. ताईंना बालपणीच वैधव्य आलेलं. वामनराव शेवाळ खलबत्त्यात वाटून रस गाळत आणि त्यात औषधांच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतत. भसाभसा फेस येई. "हा रसातल्या एन्झाइमचा पराक्रम!" ते सांगत. "ऊब मिळाली की जोरात काम करतो. पण कढवलात की मेला. मग कितीही निववा, उठायचा नाही." एवढं सगळं आम्हा शाळेतल्या मास्तरांना. ताईंच्या वाट्याला फक्त उबेचं वाक्य आलं होतं.

प्रयोगांसाठी शाळेत एक खोली मिळावी, हा त्यांचा ध्यास. अखेर पौषातल्या कडाक्याच्या थंडीत हेडमास्तर प्रयोग बघायला घरी यायला तयार झाले. त्यांना आणायला निघताना वामनराव ताईंना म्हणाले, "रस गारठलाय, जरा ऊब दे." ताईंनी बंबातलं कढत पाणी तपेल्यात काढून त्यात बाटली उभी केली.

आम्ही सगळे भोवती बसलो. पेरॉक्साइड ओतलं. एक बुडबुडा येईना. वामनरावांनी बाटली उचलली आणि चटका बसून खाली ठेवली.

"चार बुकं शिकली असतीस तर ऊब आणि कढ यांतला फरक कळला असता!" ते सर्वांदेखत ओरडले.

हेडमास्तर बिचारे सावरायला गेले. "शाळेत गेला नाहीत का, ताई?"

"गेले होते की. चौथीत पहिली आले," ताई शांतपणे म्हणाल्या. "मग वामनला शिकायला पुण्यात ठेवलं. त्याला रांधून घालायला कुणीतरी हवं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वामनरावांकडे तर बघवेना.

हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, उद्या पुन्हा दाखवा. वामनरावांनी दाखवला नाही. शाळेतल्या त्या खोलीत कवायतीचं सामान गेलं. मी फारच पिच्छा पुरवला तेव्हा म्हणाले, "कुठल्या तोंडानं मागू? माझं सगळं शिक्षण तिच्या ताटातलं ओढून घेतलेलं."

बऱ्याच वर्षांनी, माझ्यासमोरच, त्यांनी धीर करून ताईंपुढे एक पुस्तक ठेवलं. "ताई, मी शिकवतो तुला."

ताईंनी ते हातात घेतलं, पानांवरून बोटं फिरवली आणि परत दिलं. "आता राहू दे रे, वामन," त्या हसून म्हणाल्या. "आता अक्षरं दिसत नाहीत."