फादर झोपलेत

सकाळी सहाला चर्चची घंटा झाली आणि ओटीवरच्या खाटेवर माझा भाऊ कूस बदलून पुन्हा झोपला. बावीस वर्षं तो फादर आहे आणि बावीस वर्षं तो या घंटेच्या आधी उठलाय. आता त्याला वर्षभराची रजा मिळाली आहे, विश्रांतीसाठी.

चर्चमध्ये मिस्साला, सकाळच्या उपासनेला, निघालेल्या बाया फाटकाशी थबकतात.

"फादर आजारी आहेत का गं?"

"नाही, झोपलेत."

आजार त्यांना चालला असता, नुसती झोप चालत नाही. रविवारी कामं करू नका, असं तो यांनाच सांगायचा आणि त्याच दिवशी स्वतः तीन मिस्सा करायचा. ते कुणाला खटकलं नाही.

"ओटीचा पडदा ओढून घे," आई हळूच म्हणाली.

मी पडदाच काढून धुवायला टाकला. आता वर्षभर तो काही वाळायचा नाही.