अकरा घरांची दळी

"दळी माझ्या एकट्याची नाही, अकरा घरांची आहे," कमळू उघडे एकदा म्हणाला होता. कर्जतच्या डोंगरातला हा ठाकर कुवेतमध्ये, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत वेल्डर होता.

इंग्रजांनी डोंगरउतारावरची नाचणीची जमीन, म्हणजे दळी, अख्ख्या वाडीला कसायला दिली. पण सरकारी वहीत नाव चढलं एकट्या नाईकाचं, म्हणजे वाडीच्या म्होरक्याचं, कमळूच्या आज्याचं. २००८ साली वनहक्काचे दावे सुरू झाले. मग कमळू दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कुवेतच्या महबूला वस्तीतल्या खोलीतून वाडीतल्या म्हाताऱ्यांना फोन करी, कुणाची हद्द कुठल्या झाडापर्यंत ते विचारून लिहून घेई. दहा घरं झाली.

अशात भावाने कागद पाठवला. सगळी दळी दोघा भावांच्या नावावर मागायची, फक्त सही हवी.

"कर की सही, नाईका!" खोलीतला जोडीदार हरीश हसला. "आमच्या मालवणात वीतभर बांधासाठी भावाला कोर्टात खेचतात."

"गोमीआजीचं घर राहिलंय. तिची हद्द तिलाच ठाऊक, आणि तिला फोनवर ऐकू येत नाही."

"मग सोड ना तिला! गावी जायला मध्येच सुट्टी मागितलीस तर कॉन्ट्रॅक्ट जाईल."

कमळूने भावाचा कागद फाडला. सुट्टीचा अर्ज लिहिला, घडी करून खिशात घातला, आणि कंपनीच्या ऑफिसकडे निघाला.