आबांच्या छातीची जखम

माझ्या सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. निफाडजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. हृदयाची बायपास झाल्यावर ते आमच्याकडे नाशिक रोडला राहायला आले. नवरा कामावर गेला की घरात आम्ही दोघंच. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबा माझ्याशी मोजकंच बोलायचे, तेही भिंतीकडे बघून.

एका सकाळी त्यांचं बनियन धुवायला घेतलं, तर छातीपाशी पिवळट, कडक झालेला डाग. विचारलं तर म्हणाले, "घाम हाय." तेवढ्यात त्यांना खोकला आला आणि छातीत हाडावर हाड घासल्यासारखा आवाज झाला. मी लगेच रिक्षा बोलावली.

जंतुसंसर्ग छातीच्या हाडापर्यंत गेला होता. साखर वाढल्यामुळे जखम आतून भरलीच नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन करून बायपासच्या वेळी हाड बांधलेल्या तारा काढल्या, सडलेला भाग साफ केला. उघड्या जखमेत स्पंज बसवला आणि त्यातली घाण नळीने ओढून घेणारं एक छोटं यंत्र जोडलं. ते खांद्याला अडकवून आबा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फिरायचे. "बाजाराला निघाल्यासारखं वाटतं," म्हणायचे.

हात वर करायला, जड उचलायला बंदी होती, म्हणून त्यांचे केस मी विंचरायचे. सुरुवातीला ते लाजून डोळे मिटून घ्यायचे. मग एकदा हळूच म्हणाले, "भांग डावीकडं पाड. तुझी सासू तसाच पाडायची." सासूबाईंविषयी ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

जखम स्वच्छ झाल्यावर छातीचाच स्नायू वळवून तो खड्डा भरायचं ठरलं. आबांनी सर्जन बाईंना विचारलं, "मंग छाटणीची कात्री धरता येईल ना?"

"येईल, पण सावकाश."

ऑपरेशनला नेताना त्यांनी माझा हात धरला. "मी भ्यालो हाय," म्हणाले. "पोराला सांगू नको."

मी नाही सांगितलं.

जखम भरली. इंजेक्शनं त्यानंतरही बराच काळ चालू राहिली. आता आबा निफाडला असतात. थंडीत छाती ओढल्यासारखी होते म्हणतात. परवा मी गेले तर ते बागेत होते. मला द्यायला म्हणून द्राक्षांचा भरलेला क्रेट उचलायला वाकले आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच थांबले.

"म्हाईत हाय," म्हणाले, "उचलायचं नाय."

मग आम्ही तिथेच वेलीखाली बसून द्राक्षं खाल्ली.