खाऊन बघणं आणि खायला बघणं

जपानला वृद्धांच्या देखभालीच्या कामावर जायचं म्हणून मी आणि माझी मैत्रीण बदनापूरहून रोज जालन्याला जपानी शिकायला जायचो. तिच्या घरी उर्दू, माझ्या घरी शेतकऱ्यांची मराठी, आणि वर्गात दोघींची सारखीच दाणादाण.

एके दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं : ‘ताबेते मिरु’ आणि ‘ताबेयो तो सुरु’. ताबेरु म्हणजे खाणं. “दोन्हींत खायचा प्रयत्न आहे, पण प्रयत्न वेगवेगळा,” सर म्हणाले. वर्गानं माना हलवल्या. समजलं कुणालाच नव्हतं. चाचणीत आम्ही दोघींनी पाचही वाक्यं उलटी लिहिली.

त्या दिवशी ती मला तिच्या घरी जेवायला घेऊन गेली. तिच्या अम्मींनी खिचडी, खिमा आणि चिंच-तिळाचा खट्टा वाढला. खट्टा मी कधी खाल्ला नव्हता. मी नुसतीच वाटीकडे बघत बसले.

“अगे बेटी, खाके तो देख!” अम्मी म्हणाल्या.

मी घास घेतला आणि तशीच थांबले. “खाके देख. खाऊन बघ. ताबेते मिरु! मिरु म्हणजे बघणंच की गं!”

मैत्रीण उडालीच. “बराबर! मंग दुसरं?”

तेवढ्यात मांजर दबकत पातेल्याकडे निघालं. ती ओरडली, “ए, मांजर खिमा खायला बघून राह्यलं!”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खायला बघणं! म्हणजे अजून खाल्लं न्हाई, नुसती तयारी चाललीय. ताबेयो तो सुरु! आम्ही टाळ्या देत हसत सुटलो आणि तोवर मांजरानं खिम्यात तोंड घातलं. अम्मींनी मांजराला आणि आम्हाला एकाच दमात झापलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “इतकी वर्षं शिकवतोय, हे मला सुचलं नाही!” त्यांनी आमची दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली.

परीक्षा दोघी पास झालो. ऑनलाइन मुलाखतीत जपानी बाईंनी विचारलं, “आजोबांना खुर्चीतून उठवायला जमेल?”

मैत्रीण ताठ बसून म्हणाली, “यात्ते मिमासु.” करून बघते.

बाई खळखळून हसल्या. आठवड्यानं दोघींची निवड झाल्याचा निरोप आला, तेव्हा आम्ही बदनापूरच्या फलाटावर होतो. भर दुपारी, सगळ्यांदेखत, आम्ही तिथंच फुगडी घातली.