गप्प बसलेली मालकीण

निजामाच्या वेळेला जाफराबादच्या वाचनालयात आमचे एक मास्तर अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची कादंबरी वाचून दाखवत. प्रत्येक पात्राची उलटतपासणी होई. चाबूकवाल्या मालकाला ते दोन वाक्यांत निकालात काढत. "खरी गुन्हेगार ती मालकीण! समदं बघून गप्प बसली," म्हणत चष्मा पुसत. डोळे बराबर तिथंच भरत.

एकदा पायरीखाली बसून ऐकणाऱ्या महारवाड्यातल्या गड्यानं ते पुस्तक वाचायला मागितलं. मास्तरांनी हातात न देता ते जमिनीवर ठेवलं अन् दोन पावलं मागं सरले. आम्ही पाच-सहाजण बघत होतो. कुणी बोललं न्हाई.

त्यानं पुस्तक उचललं, धूळ झटकली अन् आमच्याकडं बघून विचारलं, "ती मालकीण कितव्या पानावर हाय?"