भाजीची खोली

प्रल्हाद बोटीवरच वारल्याचे कंपनीच्या मुंबईच्या कचेरीने मला कळवले, ते अकोल्यात माझ्या घरी, दुपारच्या चहाच्या वेळी. फोनवरचा गृहस्थ सौम्य होता. हृदयविकाराचा झटका, भटारखान्यात, काम करता करता. जहाज भर समुद्रात, पुढचे बंदर अजून लांब. भातकुलीला आईकडे असा फोन कधी जाऊ नये, म्हणून प्रल्हादने कागदोपत्री माझे, मावसभावाचे, नाव दिलेले होते. आयुष्यभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हळू आवाजात बोलत आलेला मी... आणि मावशीला कमी ऐकू येते. मुलाच्या मृत्यूची बातमी मला तिला ओरडून सांगावी लागली.

लिहिण्याचा मला सराव नाही. निवृत्तीनंतर प्रथमच हे धाडस करतो आहे. परंतु प्रल्हादविषयी एक गोष्ट माझ्याजवळच राहू नये असे वाटते.

मावशीचे घर भाजीवाल्यांचे. काळ्या जमिनीच्या तुकड्यात वांगी, मेथी, कोबी लावायची आणि पहाटे अमरावतीच्या बाजारात न्यायची. त्या घरातला मुलगा बोटीवर ताटे उचलण्याच्या कामाला लागला आणि चढत चढत मुख्य स्वयंपाकी झाला. लग्नाचा विषय त्याने दरवेळी पुढच्या फेरीवर ढकलला. सुटीवर आला की आम्ही त्याला बोटीबद्दल विचारायचो. एकदा त्याने मावशीच्या निवडायच्या भाजीतूनच अख्खी बोट मांडली होती. एका बाजूला वांगी, एका बाजूला मिरच्या.

“हे वांगे म्हंजे डेकवाले. रंग मारतात, दोर ओढतात, उन्हात काळे पडतात. अन् ह्या मिरच्या, इंजिनवाले. खाली गरमीत राह्यतात, म्हनून डोक्यानं तिखट. दोघायचं कधी पटत नाई दादा. हे म्हंतात आमी बोट चालवतो, थे म्हंतात आमी.”

“अन् तू कोन रे त्याच्यात?” मावशीने विचारले.

“मी सांबार. सगळ्यायच्या ताटात असतो, पन मोजत कोनी नाई.”

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. “मंग पोटभर बोलून झालं असन त निवड तो सांबार,” असे म्हणून तिने जुडी त्याच्या पुढ्यात टाकली. निवडून झाल्यावर त्याने ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि फ्रिजच्या तळाच्या, भाजीच्या कप्प्यात ठेवली. बोटीवर भाजीसाठी वेगळी थंड खोली असते आणि महिनाभर भाजी टिकवणे हाच खरा स्वयंपाक, असे तो म्हणे.

त्या घरात मांस शिजत नाही. आईला त्याने सांगून ठेवले होते, की बोटीवर आपण केवळ भाजी करतो, मटणाला दुसरा माणूस आहे. दुसरा माणूस नव्हता. मटण, मासळी सारे तोच करी. फक्त चव घेत नसे, मीठ हाताखालच्या माणसाला बघायला लावी. हे त्याने मला एकदा बसस्थानकावर सांगितले होते आणि वर बजावले होते, “माय मरेपर्यंत तोंडातून काढू नोको.”

त्याचा देह बंदरातून विमानाने नागपूरला आणि तिथून भातकुलीला आला. सारे विधी उरकले. पाहुणे पांगल्यावर एके दुपारी मावशीने मला जवळ बसवले.

“मधुकर, बोट बंदराले लागेपर्यंत माह्या पोराले ठेवलं कुठी होतं?”

“थंड खोलीत, मावशी.”

“थे समजलं. पन कोनत्या? मटनाच्या त नाई ना?”

मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, “काहून पाह्यतं असा? कान गेले माहे, नाक नाई गेलं. त्याच्या कपड्याले वास नाई येत काय? तो सांगे, मी ऐकून घेओ. पोट भराचं काम हाये, करा लागते. पन मेल्यावर तिथं ठेवलं असन त सांग. खोटं नोको सांगू.”

मला उत्तर ठाऊक नव्हते. अनोळखी माणसाला फोन करणे मला नेहमीच जड जाते. त्यातून हे विचारायचे! शेवटी कंपनीकडून बोसनचा, म्हणजे डेकवरच्या कामगारांच्या मुकादमाचा, क्रमांक मिळाला. तो रत्नागिरीकडचा निघाला. प्रश्न ऐकून तो सांगू लागला.

“कॅप्टननी आधी मटणाचीच खोली सांगितलेली, साहेब. तिथली थंडी भरवशाची. पण इंजिनवाल्यांचा फिटर आडवा आला. म्हणाला, जे त्यानं कधी तोंडात घातलं नाही, त्याच्यात त्याला ठेवायचं नाही. मी त्या फिटरशी वर्षभर बोलत नव्हतो. त्या दिवशी बोललो. त्या इंजिनवाल्यांनी भाजीच्या खोलीची थंडी वाढवून दिली, आम्ही डेकवाल्यांनी ती रिकामी केली.”

“आणि भाजी?”

“मावली तेवढी इकडेतिकडे ठेवली, बाकीची समुद्रात. बंदर येईपर्यंत डाळभातच खाल्ला. कोणी कुरकुरलं नाही.”

दुसऱ्या दिवशी भातकुलीला जाऊन मी हे सारे मावशीच्या कानाशी सांगितले, जसेच्या तसे. तिने डोळे मिटून ऐकले.

“भाजी फेकली?”

“हो.”

“कोबी असन. कोबीच टिकते तितके दिवस,” ती म्हणाली आणि मग, त्या साऱ्या दिवसांत प्रथमच, रडली.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. ऊन कडक होते. ओट्यावर मेथी मान टाकून पडली होती, बाजूला सांबाराच्या जुड्या पिवळ्या पडू लागल्या होत्या. मी फडके ओले केले, एक जुडी गुंडाळली आणि फ्रिज उघडला. तळाचा, भाजीचा कप्पा स्वच्छ पुसलेला, पूर्ण रिकामा होता.

“तिथं नोको ठेवू,” मावशी मागून म्हणाली. “तिथं जागा नाई.”