डाळमिलीच्या सुरावर

पुढे विद्यापीठात मी वर्षानुवर्षं संगीतशास्त्र शिकवलं, मुलांचे प्रबंध तपासले, पण आधारस्वराचा विषय निघाला की मला अजून तुरीच्या फोलपटांचा वास येतो. हसायचं तर हसा. माझं संशोधन सुरू झालं ते लातूरला, एका डाळमिलीच्या पाठीमागे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढत होत्या आणि नळाला पाण्याचा टिपूस नव्हता. कॉलेजात बी.ए.ला संगीत सुरू झालं, पण जागा कुठे होती? आम्हाला मिळाली मिलीच्या भिंतीला टेकलेली एक खोली. दिवसभर मोटारीची घूं घूं. मी प्राचार्यांशी तावातावाने भांडले. ते म्हणाले, "मॅडम, आधी टँकरचं बघू, मग तुमच्या सुरांचं." संताप आला, पण त्यांचंही खरंच होतं.

वर्गात अहमदपूरची एक मुलगी होती. लातूरला मावशीकडे राहायची. वडिलांचं कापडाचं दुकान. गळ्यात लिंग, दर सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला बसणारा माणूस. संगीतात मार्क चांगले पडतात असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं, म्हणून त्यांनी तो विषय घेऊ दिला. अट रोखठोक होती: पहिला वर्ग आला तर एम.ए., नाही तर उदगीरचं स्थळ तयार आहे. घरी गाण्याची सोय नव्हती, मावशीकडेही नव्हती. जो काही रियाज व्हायचा तो आमच्या त्या खोलीत. गळा मात्र असा, की ऐकता ऐकता मी शिकवायचं विसरून जायचे.

त्या उन्हाळ्यात मी प्रबंधासाठी पदार्थविज्ञानवाल्यांकडून नादकाटा, म्हणजे ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा लोखंडी चिमटा, मागून आणला आणि मुलींचा सा तपासू लागले. सा म्हणजे ज्याच्यावर बाकीचं गाणं उभं राहतं तो सूर. सगळ्यांचाच खाली बसलेला. आधी मी पोरींना झापलं. मग तंबोऱ्याला दोष दिला. एक दिवस भर दुपारी वीज गेली, मिल थांबली आणि गाणाऱ्या सगळ्या पोरी एकदम गप्प झाल्या. तंबोरा माझ्या हातात वाजतच होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या विद्यार्थिनी तंबोऱ्यावर नव्हे, मोटारीवर गात होत्या. दुष्काळात वीज तोकडी. विजेचा दाब पडला की मोटार मंदावायची, तिचा आवाज खाली यायचा आणि मागोमाग आमचा अख्खा वर्ग.

मी हरखून गेले, खोटं कशाला बोलू. प्रबंधाला नवंकोरं प्रकरण मिळालं होतं. त्या मुलीचा चेहरा मात्र उतरला. "मॅडम, परीक्षा तर नांदेडला हाय. तिथं मिल नसंल."

नव्हतीच. नांदेडच्या त्या हॉलला जाड दगडी भिंती होत्या, आत चिडीचूप. बाहेरून आलेले वयस्कर परीक्षक समोर बसले, मी मागे तंबोरा घेऊन. मुलीला एकटं पाठवायचं नाही म्हणून वडील सोबत आले होते, ते दाराशी चपला काढून उभे. पोरीने आलाप सुरू केला आणि सा घसरला. परीक्षकांनी हात वर केला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा घसरला. "शेवटची संधी," ते म्हणाले. मी तंबोरा पुन्हा छेडला.

तेवढ्यात दाराकडून एक जाडा, खरखरीत सूर आला. वडील तोंड मिटून सा धरून उभे होते. त्यांच्या भजनात पेटी नसते. कुणाचा सूर ढळला की शेजारचा माणूस असाच सा धरतो. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. परीक्षेत असं चालत नसतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. परीक्षकांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं, आता हाकलतात असं मला वाटलं, पण त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं आणि हातानेच 'चालू दे' अशी खूण केली. पोरीने तो सूर पकडला आणि त्यानंतर तिचा सा एकदाही घसरला नाही. वडिलांनी डोळे मिटले होते. शेवटपर्यंत त्यांनी सा सोडला नाही.

परतीच्या एस.टी.त मुलगी खिडकीशी झोपून गेली. वडील पुढच्या बाकावरून मागे वळून म्हणाले, "घरी तिला गाताना म्या कधी ऐकलंच न्हाई, बाई." मग हळूच विचारलं, "पहिला वर्ग येईल न्हवं?"

मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "नाही येणार. दुसऱ्याचा आधार घेतला की गुण कापतात. परीक्षकांनी मला तसं सांगितलंय."

"म्हंजे म्या सूर धरला म्हणून गेला?"

"हो."

ते पुन्हा पुढे तोंड करून बसले. मला वाटलं, संपलं या पोरीचं गाणं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. त्यांनी लेकीला उठवलं, पिशवी खांद्याला लावली, दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा वर चढून आले. मागे कंडक्टर ओरडत होता.

"बाई, त्या एम.ए.चा फारम तुमीच आणून ठेवा," ते म्हणाले. "उदगीरवाल्यांना मी सांगतो, पोरगी अजून शिकायलीय म्हणून."